कपाळाची कड

७ जानेवारी

वन्सं,

अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकणार असाल, तर निदान हे पहिलं पान वाचून मग टाका.

बारा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पाकीट आलं, म्हणजे घरात काहीतरी झालं असणार हे तुम्ही ताडलंच असेल. झालंय. मामंजींना सप्टेंबरात पक्षाघाताचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली. एकच शब्द उरला आहे, ‘नाही’. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस तोच सगळीकडे वापरतो. चहा हवा असला तरी नाही आणि नको असला तरी नाही. सकाळी मी विचारते, “झोप लागली का?” तर हसऱ्या चेहऱ्यानं “नाही” म्हणतात. सुरुवातीला तुमचे दादा आणि मी एकमेकांकडे बघून हसायचो. आता नाही हसत. कारण त्यांना समजतं सगळं. शब्द तोंडातून बाहेर पडला की तो चुकीचा आहे हे त्यांना आमच्या आधी कळतं.

तुम्हाला हे आधीच कळवायला हवं होतं. पत्ता नव्हता असं लिहिणार होते, पण पत्ता होता. दादांच्या पाकिटात, घडी घालून घालून कागद विरलाय इतका जुना. त्यांनी कधी दाखवला नाही आणि मी कधी विचारला नाही. आमचं दोघांचं असंच चालतं, तुम्हाला माहीतच आहे.

खालचं दुकान रोज मी उघडते. बंद ठेवलं तर केसांच्या टोपांना कसर लागते. कपाटातले जुने टोप काढून विंचरते, परत ठेवते. हल्ली मी संध्याकाळचा एक वर्गही करते, नाटकाचे टोप बनवण्याचा. सहज आपलं, वेळ जावा म्हणून.

त्यावरूनच एक विचारायचं होतं. डोक्याचा मधला भाग मला जमतो. जाळीच्या भोकात आकडी घालायची, केस ओढायचा, गाठ मारायची, हे हाताला आलंय. पण कपाळाची कड जमत नाही. तुम्ही केलेल्या टोपात केस कातडीतूनच उगवल्यासारखे दिसायचे. माझे ब्रशाच्या दातांसारखे उभे राहतात. तुम्ही कडेला एकेकच केस बांधायचात ना? आणि कानशिलाशी वळवायचात कसे?

दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे.

तुमची,
वहिनी


२५ जानेवारी

वन्सं,

टपाल रखडलं असेल असं धरून चालते.

मागच्या पत्रात ‘सहज’ लिहिलं ते खोटं होतं. सहज काही नाही. शाळेच्या कचेरीतली माझी नोकरी गेली. आमची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, कचेऱ्या दोन आणि खुर्ची एक. तिकडची कारकून माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि संगणकावर चटपटीत. एकोणीस वर्षं हजेरीपट लिहिल्यावर त्यांनी मला एक झाड दिलं कुंडीतलं.

शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं कुठं जायचं? दुकान होतं डोळ्यांसमोर. मामंजींना म्हटलं, मला शिकवा. तेव्हा ते धडधाकट होते. म्हणाले, “तुला? आता?” आणि खोखो हसले. मग मी वर्गात नाव घातलं. ते जुलैत. सप्टेंबरात ते पडले.

वर्गात आम्ही सहाजण. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक परिचारिका, बाकीच्या माझ्यासारख्या. शिकवणारी पोर सत्तावीस वर्षांची, पण आम्ही सगळे तिला मॅडम म्हणतो आणि तीही निमूट ऐकून घेते. पोस्टमास्तर दर पाच मिनिटांनी म्हणतात, “मॅडम, माझं डोकं बघा हो,” आणि सगळे हसतात. पण खरं सांगू, फार लाज वाटते. मॅडम एकदा म्हणाल्या, लहान मुलं चुकली की हसतात, तुम्ही चुकलात की आधी दाराकडे बघता. अगदी खरं आहे. आयुष्यभर मी ज्या कामात चांगली होते तेवढंच केलं. वाईट असण्याची सवयच नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही चिडाल.

नाटक कंपनीचे व्यवस्थापक आले होते. त्यांच्या नाटकांतल्या बाई, आपल्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, एप्रिलमध्ये पुन्हा रंगमंचावर येताहेत, शेवटचं नाटक म्हणे. त्यांना टोप हवाय, पांढुरका, केस मागे ओढलेले, कपाळ सबंध उघडं. म्हणजे सगळी भिस्त त्या कडेवरच. बाईंचे स्वतःचे केस उपचारात गेलेत, त्यामुळे झाकायला खाली काहीच नाही. व्यवस्थापकांच्या तोंडी मामंजी म्हणजे मामाच. म्हणाले, “मामा करतील ना? बाईंना दुसऱ्या कुणाचा चालत नाही.”

मी म्हटलं, “करतील.”

ते वर बघायला आले नाहीत. घाईत होते. त्यांनी डोक्याची मापं ठेवली आणि गेले. मी तो कागद अर्धा तास हातात धरून बसले होते.

एकच उत्तर द्या. रागानं दिलंत तरी चालेल.

वहिनी


१६ फेब्रुवारी

वन्सं,

मी लाकडी डोकं वर नेलं, त्यांच्या पलंगाशी स्टुलावर ठेवलं. म्हटलं, बोलता येत नसलं तरी बघता येतं ना? मी एक गाठ मारायची आणि त्यांच्याकडे बघायचं.

“नाही.”

“कुठं चुकलं? दिशा?”

“नाही.”

“केस जाड आहे?”

“नाही.”

“मग बरोबर आहे?”

“नाही!” आणि डाव्या हातानं उशी फेकली.

दिशा चुकलीय की नाही, केस जाड आहे की नाही, मला काय कळणार? मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचायला लागले. भुवया वर गेल्या की बरं, ओठ मिटले की वाईट. दोन दिवस तसं चाललं. मग लक्षात आलं, ते ओठ मिटतात ते लाळ गळू नये म्हणून.

इस्पितळातून एक बाई चित्रांचा तक्ता देऊन गेल्या होत्या, पाण्याचा पेला, खाट, संडास वगैरे, बोट ठेवून सांगण्यासाठी. मी त्यावर स्वतः चार चित्रं काढून चिकटवली, जाड केस, बारीक केस, पुढे, मागे. त्यांनी तक्ता बघितला, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड करून निजले. मी चित्रं वाईट काढली होती हेही खरं.

एके दुपारी त्यांनी आपणहून आकडी मागितली. हात पुढे केला म्हणजे. डाव्या हातानं केस उचलायला गेले. सुटला. पुन्हा उचलला. सुटला. किती वेळा ते मी मोजायचं थांबवलं. दादा दारातून आत येत होते ते तसेच मागे गेले. शेवटी मामंजींनी आकडी माझ्या हातात दिली, माझी बोटं तिच्यावर मिटली, आणि आपला हात वरून तसाच ठेवला. मला वाटलं आता काहीतरी दाखवणार. हात हलला नाही. रडत होते.

वन्सं, चार दिवसांत दोन बोटं जाळी भरली. मग ती खिडकीशी उजेडात धरली आणि मीच सगळी उसवली. आधी मला चूक दिसायचीच नाही. आता दिसते, पण हात तिथवर पोचत नाही. मॅडम म्हणतात, ही प्रगती आहे. प्रगती झाल्यावर इतकं वाईट वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

कंपनीला खरं सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवते. मग दुकान उघडते, बाईंच्या मापांचा कागद दिसतो आणि म्हणते, आज एक दिवस करून बघू.

वहिनी


९ मार्च

वन्सं,

तुम्ही उत्तर देत नाही याचा मला राग यायला लागला होता. भांडी घासताना मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. मग आठवलं की माझ्याकडे रागवायला जागा नाही.

हे बारा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. सरळ लिहिते.

बाईंच्या त्या जुन्या नाटकातला पांढरा टोप तुम्ही केलात. चार महिने, खालच्या खिडकीशी बसून. मामंजींनी त्याला हात लावला नव्हता, त्यांचे डोळे तेव्हाच कमी झाले होते. वर्तमानपत्रातली बाई आली तेव्हा तुम्ही नाट्यगृहात गेला होतात. ती टोप बघून अवाक झाली. म्हणाली, “हे कुणाच्या हातचं?” मामंजी चष्मा पुसत बसले. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या हातात चहाचा ट्रे.

मी म्हटलं, “मामंजींच्या.”

लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत मामंजी माझ्याशी धड एक वाक्य बोलले नव्हते. मला वाटलं, यानं ते खूश होतील. झाले. त्या दिवशी चहा चांगला झालाय म्हणाले.

मग त्यांचा फोटो छापून आला. तुम्ही पेपर हातात घेऊन विचारलंत, “माझं नाव?” ते म्हणाले, “दुकानाचं नाव आलं ना, मग झालं.” तुम्हाला वाटलं, त्यांनीच तसं सांगितलं. मी ओट्याशी उभी होते, कणीक मळत. दोन पावलांवर. तुम्ही आठवड्याभरात बॅग भरलीत, आणि मी तुम्हाला डबा बांधून दिला. डबा!

माझं नाव त्यांनी तुमच्यापाशी कधीच घेतलं नाही. मला पाठीशी घातलं की त्यांना ते सोयीचं होतं, मला आजही कळत नाही. हल्ली त्यांच्यासमोर बसून विचारते, “तेव्हा तुम्ही वन्संना खरं का नाही सांगितलंत?” आणि ते त्यांच्याजवळ असलेला शब्द सांगतात.

तुम्ही या पत्रालाही उत्तर दिलं नाहीत तर मी समजेन.

वहिनी


२८ मार्च

वन्सं,

आज बाई माप बघायला आल्या. मला वाटलं होतं, व्यवस्थापक टोप घेऊन जातील आणि मी सुटेन. पण टॅक्सीतून बाई स्वतः उतरल्या, काठी टेकत. किती बारीक झाल्यात. डोक्याला रुमाल.

मी सांगितलं, मामंजींना बरं नाही, वर पडून आहेत, खाली येता येत नाही. एवढंच. बाकी काही सांगितलं नाही.

त्या आरशासमोर बसल्या आणि रुमाल काढला. मी टोप चढवला. माझे हात इतके थंड पडले होते की त्या दचकल्या. मग किती तरी वेळ आरशात बघत राहिल्या. मी मागे उभी. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा तो पीं पीं आवाज चालू होता, आणि मी मनात म्हणत होते, हा थांबला की त्या बोलतील.

म्हणाल्या, “मागनं छान आहे हो.”

मग म्हणाल्या, “हा मामांच्या हातचा नाही. आणि मागचाही त्यांचा नव्हता, ते मला तेव्हाच माहीत होतं. त्यांची ती मुलगी होती ना, तिचा होता.”

त्या म्हणाल्या, उपचारांच्या वेळी तुमच्या शहरात, इस्पितळाच्या रस्त्यावर एका लहानशा दुकानात तुम्ही त्यांना भेटलात. केस गेलेल्या बायकांसाठी टोप करता. बाईंचा रोजचा तुम्हीच केलाय. नाटकाचंही विचारलं त्यांनी, तर तुम्ही म्हणालात, नाटकाचं काम मी करत नाही. म्हणून त्या इथे आल्या.

“तुम्ही किती दिवस शिकताय?” बाईंनी मला विचारलं.

“नऊ महिने.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मला रंगमंचावर उभं राहायला शिकायला सात वर्षं लागली. नुसतं उभं राहायला.” मग टोप काढून माझ्या हातात दिला. “पंधरा दिवस आहेत. कड उसवा आणि पुन्हा करा. नाही जमलं तर मी रुमाल बांधून काम करीन. पण व्यवस्थापकांना सांगू नका, ते बाजारातला प्लास्टिकचा आणतील.”

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर त्यांनी तिला हाकललं असतं असं मला वाटतं. किंवा त्यांच्यात हाकलायची ताकद उरली नव्हती.

मी कड उसवली. तीन इंच झालीय पुन्हा. तशीच आहे.

वहिनी


५ एप्रिल

वन्सं,

तुम्ही आलात आणि मी घरी नव्हते.

शनिवारी माझा वर्ग दिवसभर असतो. परत आले तर दुकानाचा दिवा चालू. लाकडी डोक्याजवळ आकडी वेगळ्याच बाजूला ठेवलेली. डावं कानशील बघितलं आणि तशीच उभी राहिले. दीड इंच असेल. माझं सगळं काढून टाकलेलं आणि नव्यानं बांधलेलं. एक गाठ दुसरीच्या रेषेत नाही. काही केस तर मी फेकून दिले असते असे आखूड, आणि तेच खरे वाटतात. मी तिथं बोट लावलं नाही. भीती वाटली.

मग वर गेले. दादा भिंतीशी बसलेले, पुढ्यात दोन कप, दोन्ही भरलेले. त्यांच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. तुम्ही दुपारी आलात, दादांना म्हणालात, “बाईंनी बघून ये म्हटलं म्हणून आले.” तीन तास खाली बसलात. त्यांना वाटलं, काम करू द्यावं, म्हणून ते वरच थांबले. मग तुम्ही वर आलात. मामंजींच्या पलंगाशी गेलात. दादा चहा ठेवायला आत गेले. तिथून त्यांनी ऐकलं.

तुम्ही म्हणालात, “बाबा.”

ते म्हणाले, “नाही.”

तुम्ही म्हणालात, “मी आलेय.”

ते म्हणाले, “नाही. नाही. नाही.”

तुम्ही म्हणालात, “बरं.” आणि दादा कप घेऊन बाहेर येईपर्यंत जिन्यावर तुमच्या चपला वाजत होत्या.

मी दादांना म्हटलं, “अहो, तिला हाक मारून सांगितलं का नाहीत, की ते दुसरं काही बोलूच शकत नाहीत?”

ते म्हणाले, “तू लिहिलं होतंस ना? मला वाटलं, तिला माहीतय.”

मी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, घरून पत्रं येतात असं तुम्ही सांगितलं होतं त्यांना. उघडली नाहीत. खणात ठेवलीत.

वन्सं, मी दादांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिच्याकडे जा. ते उठले, बूट घातले, दाराशी स्टुलावर बसले. बराच वेळ बसले. मग बूट काढून जागेवर ठेवले. मी ओरडले त्यांच्यावर. ते म्हणाले, “मी गेलो तर ती दार उघडेल?” मी गेले असते, पण मामंजींना कूस बदलायलासुद्धा माणूस लागतो आणि मी हात लावला नाही तर ते दुसऱ्या कुणाकडून करून घेत नाहीत. बाईंनी तुम्हाला फोन करून बघितला. तुम्ही म्हणालात म्हणे, त्या घराचं नाव काढलंत तर तुमचाही फोन घेणार नाही.

मामंजी काल संध्याकाळपासून दाराकडे तोंड करून आहेत. डाव्या हातानं पलंगाची कड बडवली, मनगट काळंनिळं झालंय.

हे सगळं लिहून पाकीट बंद करायला घेतलं, आणि मग कळलं की हेही तुमच्या खणात जाणार.


६ एप्रिल

(कार्ड)

वन्सं, हे उघडं कार्ड आहे. पोस्टमननं वाचलं तरी चालेल, तुमच्या शेजाऱ्यांनी वाचलं तरी चालेल. मामंजींची वाचा गेली आहे. सप्टेंबरपासून त्यांना ‘नाही’ हा एकच शब्द बोलता येतो. पाणी मागतानाही तोच, मला हाक मारतानाही तोच. त्यांनी तुम्हाला नको म्हटलं नाही. काय म्हटलं ते मला माहीत नाही. या. – वहिनी


१९ एप्रिल

वन्सं,

काल पहिला प्रयोग झाला.

उजवं कानशील मी चारदा उसवलं. डावीकडे तुमचं होतंच नमुन्याला, भिंग लावून बघत होते. तुम्ही कुठं वळवलंय, कुठं सोडून दिलंय, सगळं कळत होतं. केलं की माझंच उतरायचं. तुम्ही येऊन गेल्यापासून आठव्या दिवशी बाईंकडे तसाच घेऊन गेले आणि म्हटलं, “झालं माझं. याहून जमत नाही.” बाईंनी दोन्ही बाजू बघितल्या. दिग्दर्शकाला बोलावून म्हणाल्या, माझी खुर्ची त्या टोकाला न्या, मला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. कानाला काही झालेलं नाही त्यांच्या. दोन अंक त्या डावी बाजू लोकांकडे ठेवून वावरल्या.

मी शेवटच्या रांगेत होते. टाळ्या किती पडल्या ते सांगत नाही. माझ्या शेजारची बाई तिच्या बहिणीला म्हणाली, “यांचे केस अजून किती सुंदर आहेत.”

नाटकाच्या पत्रकात टोपासाठी मामंजींचं नाव छापलंय. मध्यंतरात मी व्यवस्थापकांना गाठलं. सांगितलं, हे चूक आहे. डाव्या कानशिलाचं काम त्यांच्या मुलीचं आहे, आणि ज्याच्याकडे लोक बघताहेत ते सगळं तिचंच आहे. मागच्या पांढऱ्या टोपाचंही सांगितलं. माझा आवाज चढला होता, दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. व्यवस्थापक म्हणाले, “छापून झालं हो वहिनी. आता काय करू सांगा.” आणि माझ्या हातात शीतपेयाची बाटली दिली.

मी ती प्यायले. काय करणार होते?

कार्ड पोचलं असेल असं धरते.

वहिनी


२१ जून

वन्सं,

इस्पितळातून तुम्ही परस्पर गाडीला गेलात, मी काही धड बोलले नाही. तुम्हीही फार बोलला नाहीत. पण जे बोललात ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं, कारण मला माझ्या आठवणीचा भरवसा नाही. बघा बरोबर आहे का.

तुम्ही म्हणालात, कार्ड एप्रिलमध्येच मिळालं. विश्वास बसला नाही. वाटलं, वहिनी सारवासारव करतेय, तिला सगळं गोड करायची सवय आहे. बाईंकडून नंबर घेऊन दादांनी फोन केला, दुसरा झटका आलाय म्हणून, तेव्हा निघताना खणातली सगळी पाकिटं पिशवीत घातलीत. गाडीत एकामागून एक उघडलीत. पोचलात तेव्हा मामंजी कुणालाच ओळखत नव्हते. तो एक शब्दही गेला होता. तुम्ही चार दिवस त्यांच्या उशाशी बसलात, ते बोलतील म्हणून वाट बघत. मला वाटतं, तुम्हाला तोच शब्द पुन्हा ऐकायचा होता. तो ऐकायला न मिळताच ते गेले. मी एक महिना रोज तुम्हाला ते लिहायला बसतेय की याला मी जबाबदार आहे की कोण आहे, आणि रोज पान फाडतेय.

मी बाकावर तुमच्याजवळ बसून त्या वर्तमानपत्राच्या बाईचा विषय काढला. तुम्ही म्हणालात, “वहिनी, बोललात तुम्ही. पण ते तिथं बसले होते. त्यांनी खोडलं नाही.” मग म्हणालात, “आणि मी भांडायचं सोडून बॅग भरली.” त्यानंतर आपण दोघी समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याच्या सूचनांचं पत्रक वाचत बसलो.

मग मीच निर्लज्जासारखं विचारलं. माणूस आत मरतोय आणि मला हे सुचतंय, पण पुन्हा तुम्ही भेटाल याची खात्री नव्हती. म्हटलं, “माझं उजवं कानशील बघितलंत ना बाईंच्या टोपात? मला येईल का हे कधी?”

तुम्ही माझा हात हातात घेतलात, उलटासुलटा करून बघितलात, भाजी घेताना बघतात तसा. म्हणालात, “चांगलं नाही येणार. बरं येईल.”

“किती बरं?”

“पोटापुरतं. मी नऊ वर्षांची असताना बसले त्यांच्याशेजारी. तुम्ही आता बसताय. तुम्ही प्रत्येक केस विचार करून लावता, ते दिसतं. ते जायला जेवढी वर्षं लागतील तेवढी तुमच्याकडे नाहीत.”

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. इतके महिने मॅडम म्हणत होत्या छान चाललंय, पोस्टमास्तर म्हणत होते वहिनी कमाल आहे, दादा तर काही म्हणतच नाहीत. खरं कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसतं विचारलं, “मग सोडू?” तुम्ही खांदे उडवलेत. म्हणालात, “मला काय विचारता? दुकान उघडं आहे ना?” आणि आतून परिचारिकेनं हाक मारली.

तर दुकान उघडं आहे. वर्ग संपला. पोस्टमास्तर नापास झाले आणि पुन्हा नाव घालताहेत. मी पास झाले, काठावर. मामंजींची खोली अजून तशीच आहे. दादा कामावरून आले की दहा मिनिटं आत जाऊन बसतात. मी विचारत नाही. परवा त्यांनी जुनं पाकीट टाकून नवं घेतलं, तेव्हा तुमच्या पत्त्याचा कागद माझ्याकडे दिला. म्हणाले, “तूच ठेव, तुला लागतो.”

बाईंचे प्रयोग थांबलेत. तब्येत ठीक नाही. तुम्ही त्यांच्याजवळ आहात, तुम्हाला जास्त माहीत असेल. कळवावंसं वाटलं तर कळवा.

काम फारसं नाही. हौशी मंडळींच्या एका संघानं दाढ्या करायला दिल्यात, दरोडेखोरांच्या, अकरा. दाढी त्या मानानं सोपी, सगळं दाट आणि अस्ताव्यस्त असलं तरी खपून जातं. सकाळी नऊला बसते, दुपारी डोळे दुखायला लागले की उठते. दिवसाला अर्धी होते.

काल सातवी झाली. टाचण्या काढून तिला खिडकीशी उजेडात धरली. हनुवटीच्या खाली, डावीकडे, चार-पाच केस मी न बघता लावले असणार, कारण कधी लावले ते आठवत नाही. ते चांगले पडलेत. दादांना दाखवले, ते म्हणाले, “दाढी आहे.” मॅडमना दाखवायला जावं तर वर्ग बंद. मग वाटलं, निदान तुम्हाला तरी सांगावं.

वहिनी